आईची सही

गेल्या मे महिन्यात निपाणीजवळ आमच्या आजोळी एक कागद झाला. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे घर, थोडं तंबाखूचं रान, एक मामा आणि तीन बहिणी. आईनं आणि दोन्ही मावश्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. चहा झाला, मामीनं साड्या दिल्या. परत येताना बसमध्ये मी विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं गं?" आई म्हणाली, "कानडीत होतं. मला कुठं वाचायला येतंय?"

तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी सारखे, म्हणजे आईचा पाव हिस्सा होता. सगळ्या ख्रिस्ती बायकांना हे सहज मिळालेलं नाही. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळायचं. अरुंधती रॉय यांच्या आई मेरी रॉय कोर्टात गेल्या, आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टानं तिथंही १९२५ चाच कायदा लागू ठरवला.

पण या कायद्याच्या मुळाशी इंग्रजी विचार आहे: मालमत्ता ज्याची, मर्जी त्याची. बापानं मृत्युपत्रात मुलीला वगळलं तर विषय संपला. मिताक्षरेचा विचार वेगळा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, विज्ञानेश्वरानं मांडलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानंच येतो. मुलीला तो जन्महक्क मिळायला मात्र कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ साल उजाडलं, तेही आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो २००५ साली आला. आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की तिसरं तत्त्व: १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेलं. धर्म कुठलाही असो, मुलांसाठी राखलेला अर्धा वाटा बापाला मृत्युपत्रानं सहसा काढून घेता येत नाही.

तिन्ही विचारांत काही ना काही शहाणपण आहे. पण या तिन्हींवर आपल्याकडं एक रिवाज भारी पडतो: बहिणीनं सही करायची.

मी मामाला दोष देत नाही. आजोबांचं आजारपण त्यानंच काढलं. आई म्हणते, "जमीन गेली तर जाऊ दे, माहेर राहायला पाहिजे." बरोबर आहे, सोडून देणं हाही तिचाच हक्क. पण आपण काय सोडतोय हे तरी कळायला नको? संत थॉमस अक्विनास कायद्याच्या व्याख्येतच एक अट घालतात: तो लोकांना जाहीर केलेला असावा. जे माहीतच नाही, त्यानं माणूस बांधला कसा जाणार? मग माणसाला बांधणाऱ्या कागदालाही हीच अट हवी.

कुणी म्हणेल, आला सीमाप्रश्न. नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. कोल्हापुरात एखाद्या कानडी बाईपुढं मराठी कागद ठेवला तरी मी हेच म्हणेन.

बायबलच्या गणना पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. त्यांना भाऊ नव्हता. त्या मोशेपुढं उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात, परमेश्वर म्हणतो त्यांचं बरोबर आहे, आणि नियम बदलतो. त्यांना मागता आलं, कारण काय चाललंय हे त्यांना कळत होतं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एवढंच सांगणं. घरात असा कागद झाला तर सहीच्या आधी तो आईला, मावशीला, आत्याला त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. त्यांचा वाटा किती तेही सांगा. मग त्या काय ते ठरवतील.

मी दहावीपर्यंत कानडी शिकले आहे. त्या दिवशी मी तिथंच, आईच्या शेजारी, मोबाईल बघत बसले होते.