पाणी बदला, पण सगळे नको!



तुमच्या घरी किंवा शाळेत माशांची काचपेटी असेल, तर तिचे पाणी तुम्ही कधी बदलता? ‘महिन्यातून एकदा, सगळेच्या सगळे,’ हे उत्तर मी वर्गात अनेकदा ऐकतो. पूर्वी मीही तसेच करीत असे. एका हिवाळ्यात बोईसरच्या घरी पाहुणे येणार म्हणून मी पेटी रिकामी केली, वाळू खसखसून धुतली आणि नळाचे गार पाणी भरले. पेटी लखलखीत झाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गोल्डफिश मरून तरंगत होते.

चूक कोठे झाली? माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो माशांना विषारी असतो. वाळूवर व गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असे नायट्रेट बनवतात. क्लोरिनयुक्त पाण्याने वाळू धुताना मी या मदतनिसांचाच नाश केला होता.

नायट्रेट मात्र साचत जाते. दर आठवड्याला त्याचे 10 भाग साचतात असे धरू. चार आठवड्यांनी सगळे पाणी बदलले, तर ते 40 पर्यंत चढून एकदम शून्यावर येते. दर आठवड्याला पाव हिस्सा बदलला तर? 40 चे 30 होतात, त्यांत 10 मिळून पुन्हा 40. म्हणजे ते 40 च्या वर कधीच जात नाही आणि पाणीही तेवढेच लागते! सरासरी जास्त राहते हे खरे. परंतु माशाला अधिक बाधतो तो अचानक बसणारा धक्का. पेटीतले पाणी 28 अंश आणि नळाचे 20 अंश सेल्सियस असेल, तर पाव हिस्सा बदलल्यावर तापमान 26 अंश होते. सगळे बदलले, तर 8 अंशांची घसरण!

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांतही भट्टी न थांबवता इंधन थोडे थोडे बदलता येते. तत्त्व तेच.

काही जण आटेल तेवढेच पाणी वरून ओततात. त्यांनी आपल्या किनाऱ्यावरची मिठागरे आठवावीत. वाफ होऊन जाते ते पाणी. क्षार मागेच राहतात.

म्हणून माझे मत असे : आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे, मासे दाटीने असतील तर थोडे अधिक. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस घरातच ठेवावे, म्हणजे बराचसा क्लोरिन उडून जातो आणि तापमानही जुळते. गाळणी काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावी. ते पाणी झाडांना घालावे. नायट्रेट हे त्यांचे खतच आहे.

शिक्षकांनी शाळेतील पेटीचे हे काम शिपायावर न सोपवता विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि नोंदवही ठेवावी. मित्रांनो, माझ्या गणितावरही नुसता विश्वास ठेवू नका. शाईचे पाणी घेऊन पाव-पाव हिस्सा बदलून पाहा!