नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश!

सॉफ्टवेअर टाकताना आपण सगळे एकच मंत्र जपतो : नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश! मधलं काही वाचायचं नाही, हा अलिखित नियम. पण उलट बाजूने कधी विचार केलाय? आपण स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? इन्स्टॉलर करून, की सरळ झिप फाईल? (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी कुठे अडखळलं तर सांभाळून घ्या.)

हॉस्टेलवर बहुमत झिपच्या बाजूने आहे, आणि कारणंही पटण्यासारखी आहेत. लॅबच्या पीसीचा ॲडमिन पासवर्ड आपल्याकडे नसतो, त्यामुळे बरेच इन्स्टॉलर पहिल्याच पायरीवर अडतात. नोटपॅड प्लस प्लसची पोर्टेबल कॉपी मात्र पेनड्राईव्हवरून मस्त चालते. नको झालं की फोल्डर डिलीट. विषय संपला!

पण ही सोय आपली झाली. मेसच्या काकांचं काय? समजा, त्यांना आपण महिन्याच्या बिलांचा प्रोग्रॅम झिपमध्ये दिला. ते झिप उघडणार आणि आतल्याच ईएक्सईवर डबल क्लिक करणार. विंडोज तेवढीच एक फाईल टेम्प फोल्डरमध्ये काढून चालवते, लागणाऱ्या डीएलएल झिपमध्येच राहतात. समोर एरर! बरं, चाललाच, तरी पुढे नवीन व्हर्जन टाकताना कोणी जुना फोल्डर उडवला आणि डेटाबेस त्यातच होता, तर अख्ख्या हॉस्टेलचा हिशेब गेला. याला काकांचं अज्ञान म्हणायचं, की आपला आळस?

चांगला इन्स्टॉलर फाईली योग्य जागी ठेवतो, लागणारा रनटाईम आहे की नाही ते बघतो, डेस्कटॉपवर आयकॉन देतो आणि काढून टाकला तर मागचा पसारा आवरून जातो. तो बनवायला बसलं की प्रोग्रॅम कुठे आणि डेटा कुठे, याचा विचार आपल्याला करावाच लागतो. ॲडमिनची अडचण म्हणाल तर तिच्यावरही उपाय आहे. १९९७ साली आलेलं इनो सेटअप आपल्यासारख्यांना फुकट वापरता येतं. त्यात एका ओळीत सांगता येतं की ॲडमिनचे हक्क नकोत, प्रोग्रॅम फक्त या युजरपुरता बसव. व्हीएस कोडवाले तर युजर इन्स्टॉलर, सिस्टिम इन्स्टॉलर आणि झिप असे तिन्ही पर्याय देतात. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

थोडक्यात काय, तर झिप जरूर द्या, पण आधी इन्स्टॉलर द्या. आणि सर-मॅडमना एक विनंती. प्रोजेक्टचे मार्क देताना तो आमच्या लॅपटॉपवर बघूच नका. ज्या पीसीवर आमचं काहीच टाकलेलं नाही, तिथे ऑफिसमधल्या कोणालातरी बसवा आणि आम्हाला दारात उभं करा. आम्ही काही न सांगता प्रोग्रॅम सुरू झाला, तरच प्रोजेक्ट पूर्ण झाला असं समजा. ‘सर, माझ्या मशीनवर चालतंय’ याला शून्य मार्क!