दिवा आणि चौकी

१९२५ साली सरकारी मुद्रणालय आले आणि त्याच्या आश्रयाने नाशिक रोड वाढले. १९८२ मध्ये येथील नगरपालिका महापालिकेत विलीन झाली. तेव्हापासून नगरसेवकपदाचा उमेदवार विकास आणि सुरक्षितता ही दोन आश्वासने एका दमात देत आला आहे. वस्तुतः पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. नगरसेवकाचा त्यांच्यावर काडीचाही अधिकार नाही. रस्त्यावरील दिवे मात्र १९४९ च्या अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्या कारकुनास, शिकवणीहून परतणाऱ्या विद्यार्थिनीस लांबच्या चौकीपेक्षा पेटता दिवा अधिक जवळचा! मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तर गाऱ्हाणे ऐकावयास नगरसेवकही उरला नव्हता. मते मागणाऱ्यास म्हणून एवढेच विचारावे, नव्या वसाहतींच्या दिव्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद किती?