उन्हाची वीज उन्हातच वापरा, पण ऑक्सिजन त्यावर सोडू नका

येलदरीला पूर्णेचे पाणी अडवले आहे आणि धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. पाणी अडवून ठेवता येते, उन्हाचे तसे नाही. छतावर भर दुपारी तयार झालेली वीज त्याच क्षणी वापरावी लागते, बॅटरीत भरावी लागते, नाहीतर ग्रिडला द्यावी लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. असा संच चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट देतो. पण दुपारी घरात वापर कमी, आणि गिझर, मोटर, इंडक्शन शेगडी चालते ती सकाळ-संध्याकाळी. नेट मीटरिंगमुळे बिलात ही तफावत फारशी दिसत नाही. ग्रिडवरचा संध्याकाळचा ताण मात्र तसाच राहतो.

यावर आता सोपी साधने आहेत. मीटरजवळचा सेन्सर घरातून किती वीज बाहेर चालली आहे ते मोजतो. ती ठराविक मर्यादेच्या वर गेली की स्मार्ट स्विच मोटर किंवा गिझर चालू करतो, आणि ढग आला की बंद करतो. एवढा खर्च नको असेल तर साधा टायमरही बरेच काम करतो.

आमच्या क्षेत्रात ही युक्ती जुनीच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या शीतपेटीच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते. दिवसातून सुमारे आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान २ ते ८ अंशांत राहते. तिथे बॅटरीचे काम बर्फ करतो. घरात तेच काम पाण्याची टाकी आणि गिझर करू शकतात. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धा युनिट लागतो, आणि दुपारी तापवलेले पाणी संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी गरम राहते. मात्र गिझर ६० अंशांवर ठेवावा, कारण कोमट साठवणीत लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. नळाखाली हात धरण्याआधी गार पाणी मिसळावे, घरात लहान मुले असतील तर नक्कीच.

आता माझा खरा मुद्दा. 'छतावर सोलर आहे, आता लाइट गेली तरी काळजी नाही,' असे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णाचे नातेवाईक मला सांगतात. हा समज धोक्याचा आहे. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच लाइट गेली की स्वतःहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था मुद्दाम केलेली असते. बाहेर रखरखीत ऊन असते आणि घरातले यंत्र बंद पडते.

म्हणून घरातल्या उपकरणांचे दोन भाग करा. थांबली तरी चालतील अशी मोटर, गिझर, वॉशिंग मशीन ऑटोमेशनवर द्या. ऑक्सिजन यंत्र, नेब्युलायझर, इन्सुलिन ठेवलेला फ्रिज त्यावर कधीही जोडू नका. फ्रिज वारंवार चालू-बंद केला तर कॉम्प्रेसरही लवकर खराब होतो. ऑक्सिजनवरच्या रुग्णासाठी बॅटरीचा वेगळा बॅकअप आणि भरलेला सिलिंडर हवाच.

संच बसवणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारा: लाइट गेल्यावर हे चालेल का? उत्तर 'नाही' असेल, तर बॅकअपची सोय झाल्याशिवाय रुग्णाचे यंत्र त्या भरवशावर ठेवू नका.