कॅरी विरुद्ध मटिल्डा

स्टीफन किंगची कॅरी (१९७४) आणि रोआल्ड डालची मटिल्डा (१९८८). दोघीही नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू हलवतात. समोरासमोर उभ्या राहिल्या, तर जिंकेल कोण?

ताकदच मोजायची, तर कॅरी. अंगावर डुकराचं रक्त ओतलं गेल्यावर ती शाळेच्या समारंभाचं स्मशान करते, चेंबरलेन गाव पेटवते आणि शेवटी स्वतःच्या आईचं हृदय बंद पाडते. (सिनेमात तिथे सुऱ्या आहेत, मला कादंबरीतलं अधिक भयंकर वाटतं.) मटिल्डाची सुरुवात पाण्याचा पेला कलंडवण्यापासून होते. पण पुढे ही चिमुरडी घरी एकटीच सिगार उचलण्याचा सराव करते आणि मग वर्गातल्या फळ्यावर खडू असा चालवते, की मुख्याध्यापिका ट्रंचबुल बेशुद्ध होऊन कोसळते. कॅरीच्या संतापात हा नेमकेपणा नाही. मटिल्डाला विचार करायला दोन क्षण मिळाले, तर माझा कौल तिला. कॅरी ते देईल का, हाच खरा पेच.

आणि ही झुंज मला बघवणार नाही. दोघींनाही घरात छळच वाट्याला आला. मटिल्डाला तिच्या शिक्षिकेचं, मिस हनीचं घर मिळालं. कॅरीसाठी शाळेत एक शिक्षिका भांडली, पण आईच्या तावडीतून तिला कुणी सोडवलं नाही.

तुमचा कौल कुणाला? कारणासकट कळवा, निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.