पाहुण्यांना आधी जेवू द्या

मंडळी, डिसेंबर उजाडला की आमच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तलावांवर पाहुणे उतरू लागतात. खटाव तालुक्यातल्या मायणी आणि येरळवाडीच्या तलावांची नावं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतीलच. तिथे कच्छच्या रणात घरटी करणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. चक्रवाक येतात. मंगोलिया आणि तिबेटकडचे पट्टकदंब हंसही आपल्या दख्खनच्या तळ्यांवर हिवाळा काढतात. हा हंस सहा-सात हजार मीटर उंचीवरून हिमालय ओलांडतो. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले हंस भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. मायणी परिसराला 2021 मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला. हे सगळं चांगलंच झालं.

पण हल्ली या पाहुण्यांच्या भेटीला जाण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची, थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवायच्या, नाहीतर ड्रोन सोडायचा आणि पंख उघडल्याचा फोटो घेऊन तासाभरात परत फिरायचं. फोटो सुंदर येतो, नाही म्हणत नाही. पण त्या पक्ष्याचं काय होतं? रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून, चाळणीसारखं पाणी गाळून बारीक जीव आणि शेवाळ खातो. अशा गाळणीवर पोट भरायला वेळ लागतो. हंसाला तर हिवाळा संपताना पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो आणि त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी उडवलं की चरणं थांबतं आणि साठवलेली ताकद खर्च होते. हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला आपण पानावरून उठवतो आणि वर त्याचा फोटो काढतो!

आमचा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. मग लोक बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून शेजारी स्टुलावर बसतात. बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय पायी जाऊ नये, असा तिथल्या सरकारी खात्याचा सल्ला आहे. थंडीत मासा सुस्त असतो, आमिषावर झडप घालत नाही. म्हणून बसून राहावं लागतं. मासे दाखवणारी यंत्रं आता त्यांच्याकडेही आली आहेत, पण बसणं काही सुटलेलं नाही. भाचा म्हणतो, असं बसल्यावर आजूबाजूचं दिसायला लागतं. काठावरून जाणारं हरीण दिसतं, झाडावर बसलेला गरुड दिसतो.

आता हे शिकायला मिनेसोटाला जायची गरज नाही. आमच्या उंब्रजला कृष्णा-तारळीच्या संगमाजवळ गळ टाकून बसणारी माणसं पाहा. मरळ लागो, शिंगटा लागो, नाहीतर काहीच न लागो, माणूस दोन-दोन तास हलत नाही. त्याच्यापासून चार हातांवर धोबी शेपटी नाचवत किडे टिपतो, खंड्या पाण्यात सूर मारतो आणि पाणकावळा पंख वाळवत बसतो. कोणता पक्षी यंदा उशिरा आला, पाणी कुठे उथळ आहे, हे त्या माणसाला तोंडपाठ असतं. मारुती चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात नोकरी करताना त्यांनी पक्ष्यांची आणि माशांची नावं ग्रंथांइतकीच जंगलात आणि तळ्याकाठी राहणाऱ्यांकडून गोळा केली. आपण मात्र मासे धरणाऱ्याला बाजूला हो म्हणतो, कारण तो फोटोत येतो.

तरुण मंडळी म्हणतात, फोटो निघाले म्हणून तर लोकांना पक्षी कळले. खरं आहे. पण बसून काढलेला फोटोही फोटोच असतो. पक्ष्याने चरणं थांबवून मान वर केली की आपण फार जवळ आलो, एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

शाळांनाही एक सांगावंसं वाटतं. राज्यात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांमधला हा आठवडा आहे. कल्पना छान आहे, पण तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो आणि तोवर सगळे पाहुणेही पोहोचलेले नसतात. म्हणून खरी सहल जानेवारीत काढावी. पाणपक्ष्यांची आशियाई गणनाही दरवर्षी त्याच महिन्यात होते. चाळीस पोरं गप्प बसत नाहीत, हे मी मास्तर असून सांगतो. पण कामाला लावलं की बसतात. एकाने धोबी मोजायचे, दुसऱ्याने बगळे, तिसऱ्याने वहीत मांडायचं. वॉटर पार्कच्या निम्म्या पैशांत ही सहल होते.

असो. यंदा नातवंडांना घेऊन तळ्यावर जाणार असाल तर बसायला एक पोतं न्या, जमलं तर दुर्बीण न्या आणि ड्रोन घरी ठेवा. आपण परत निघालो तेव्हा थवा होता तिथेच चरत असला, तर सहल साधली असं माझं मत आहे. तुमचं काय?