समुद्राचा पंचनामा

उद्या सप्टेंबरातला तिसरा शनिवार, म्हणजे जगभर किनारे झाडण्याचा दिवस. मालवणात चिवला, दांडी, तारकर्ली, देवबाग, सगळीकडे शाळकरी मुलं हातमोजे घालून वाळूत उतरतील. पोत्यांत दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, तुटक्या जाळ्यांचे गुंते भरले जातील. बॅनरसमोर फोटो होईल, वडापाव होईल. आम्ही या उपक्रमाची टिंगल करणार नाही. पर्यटकांनी टाकलेलं कोणीतरी उचललंच पाहिजे. पण मुलांच्या पोत्यात मावणार नाही असाही कचरा या किनाऱ्यावर येतो, आणि त्याचा मालक हातमोजे घालून कधी येत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. १७ सप्टेंबर २०२२ या शनिवारी केंद्र सरकारच्या ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ या ७५ दिवसांच्या मोहिमेचा समारोप व्हायचा होता. भाषणं तयार होती. आदल्याच दिवशी गॅबन या आफ्रिकी देशाचा झेंडा लावलेलं ‘पार्थ’ नावाचं तेलवाहू जहाज आपल्या समोरच्या समुद्रात संकटात सापडलं. अमिरातीतल्या खोर फक्कानहून नवीन मंगळूरकडे निघालेल्या या जहाजाच्या पोटात ३,९११ टन डांबर होतं. तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १९ च्या १९ खलाशांना वाचवलं. या कामगिरीबद्दल दलाला द्यावं तेवढं श्रेय थोडंच. जहाज मात्र बुडालं, आणि देवगड-विजयदुर्गपासून मालवणपर्यंत तेलगळतीची धास्ती पसरली. हंगाम नुकता कुठे उघडला होता. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन जेमतेम महिना झाला होता.

डांबर गार झालं की घट्ट होतं, त्यामुळे ते बरंचसं जहाजाबरोबर तळाला जातं. लगेचची भीती असते ती इंजिनाच्या जाड इंधनतेलाची. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याला त्याचा थर बसला की ते जाळं धुऊन भागत नाही. पाण्यावर तवंग नुसता दिसला तरी मासळीचा भाव उतरतो, कारण गिऱ्हाईक मासा हुंगून बघतं. हे सगळं नुकसानच. प्रश्न इतकाच की, ते लिहून कोण ठेवतं?

शेतात पाणी शिरलं तर तलाठी येतो. जुलै २०२१ च्या अखेरीस दोडामार्गातल्या कळणे खाणीचा बांध फुटला आणि तांबडा चिखल शेता-बागायतींत घुसला. तेव्हा निदान नुकसान झालेल्या जमिनीला सातबारा होता, गट क्रमांक होता, आणि चिखल ज्या खाणीतून आला तिला पत्ता होता. भरपाई पुरेशी मिळते की नाही हा वेगळा वाद. पण वाद घालायला कागद तरी असतो. मालवणीत विचारायचं तर, समुद्राचो सातबारो खंय मिळता? वादळात होडी फुटली तर होडीचा पंचनामा होतो. न मिळालेल्या मासळीचा होत नाही.

कायदा दुबळा आहे असं म्हणायची सोय नाही. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसायचा. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये हे तत्त्व थेट लिहिलेलं आहे. अपघातातल्या नुकसानीसाठी मालकाची चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. दाद मागायला दिल्लीला जावं लागत नाही. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं. अर्ज एकट्या मच्छीमाराला करता येतो, त्याच्या संघटनेला करता येतो, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीलाही करता येतो.

सरकार मात्र धाक कमी करत चाललं आहे, हेही नोंदवायला हवं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. साध्या उल्लंघनांसाठी कैदेची भीती नको, असं त्याचं समर्थन होतं. पंधरा लाखांचा आकडा छोट्या कारखानदाराला जड वाटेल. जहाज कंपनीच्या वहीत तो किरकोळ खर्चात जमा होईल.

आता मोठ्या आकड्यांकडे बघू. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईसमोर ‘राक कॅरिअर’ हे साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन चाललेलं जहाज बुडालं आणि तेल जुहूपर्यंत आलं. खटला सरकारने नव्हे, तर समीर मेहता या मुंबईकर पर्यावरण कार्यकर्त्याने लढवला. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला, म्हणजे अदानी एंटरप्रायझेसला, ५ कोटी भरायला सांगितलं. पाच वर्षं लागली, पण माल ज्याचा त्याचीही जबाबदारी, हे ठरलं.

केरळ त्याच्या पुढे गेलं. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर घेतलेलं जहाज बुडालं आणि प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर पसरले. काही आठवड्यांतच राज्य सरकार स्वतः उच्च न्यायालयात गेलं. दावा ९,५३१ कोटींचा. त्यातले सुमारे ५२६ कोटी मच्छीमारांच्या नुकसानीपोटी. बुडालेलं जहाज जप्त करता येत नाही, म्हणून त्याच कंपनीशी संबंधित दुसरं जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवलं. न्यायालयाने पुढे सुमारे १,२२७ कोटींची हमी मागितली. दाव्याच्या मानाने आकडा लहान आहे, हे खरं. पण तिथे दावेदार म्हणून राज्य उभं होतं आणि त्याच्या हातात नुकसानीचा हिशेब होता. अडलेलं जहाज कंपनीला रोज पैशाने चावतं, हेही त्याला ठाऊक होतं.

आपल्याकडे तो हिशेबच नाही. रापणीची मासळी किनाऱ्यावरच लिलावात जाते, संध्याकाळपर्यंत वाटे होतात, वही बऱ्याचदा डोक्यात असते. मागच्या पाच वर्षांत सप्टेंबरात दांडीवर सरासरी किती मासळी लागली हे न्यायाधीशाने विचारलं, तर काय दाखवणार? दरवर्षी मे ते सप्टेंबर नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर डांबराचे गोळे वाळूवर येतात. आपण रॉकेलच्या बोळ्याने तळवे पुसतो आणि घरी जातो. वास्तविक प्रत्येक खनिज तेलाला रासायनिक ठसा असतो. गोळा नेमका कुठल्या तेलाचा, हे त्यावरून ताडता येतं. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचे असे ठसे तपासून त्यांचा माग टँकरांच्या धुवणापर्यंत आणि बॉम्बे हायपर्यंत काढला आहे. मालवणहून ही प्रयोगशाळा गाडीने तीनेक तासांवर आहे. लागते ती काचेची बाटली, सील, तारीख, जागा आणि दोन पंचांच्या सह्या.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. तेव्हापासून त्याच्या नियमांची धास्ती घेतली ती इथल्या लहान मच्छीमाराने. आपली होडी कुठपर्यंत न्यायची हे त्याला विचारत राहावं लागलं. क्षितिजावरून जाणाऱ्या टँकरला हा प्रश्न कधी पडला नाही. सरकारी हात पडावापर्यंत पटकन पोचतो.

म्हणून उद्याच्या कार्यक्रमात पोत्यांबरोबर बाटल्याही न्याव्यात. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याने आणि तहसीलदाराने मिळून किनाऱ्याच्या पंचनाम्याचा एक साधा नमुना ठरवावा. रापण संघांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी रोजच्या मासळीची वही सुरू करावी. कर लागेल या भीतीने ती टाळली जाते, हे आम्हाला माहीत आहे. तरीही ती ठेवावी. वही नसलेल्या मच्छीमाराला जहाजाच्या विमा कंपनीचा वकील दोन प्रश्नांत गप्प करील.

आणि ‘पार्थ’चं काय? टँकरच्या तेलप्रदूषणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात दाव्याला नुकसान झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. ती उलटून गेली. हरित न्यायाधिकरणाची मुदत पाच वर्षांची, ती सप्टेंबर २०२७ मध्ये संपेल. फार तर साठ दिवसांची सवलत मिळेल. जिल्हाधिकाऱ्यांनी उद्या किनाऱ्यावर भाषणाऐवजी एवढंच वाचून दाखवावं: ‘पार्थ’ बुडालं त्या हंगामात देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्यात नुकसानीच्या किती नोंदी घेतल्या गेल्या, त्या कोणापुढे मांडल्या, आणि मच्छीमाराच्या हातात किती रुपये पडले.